कातड्याच्या बुडाची पिशवी

पिशवी कुणीतरी वापरली पाहिजे, ही अट सरांनी घातली तेव्हा मला ती अगदीच किरकोळ वाटली होती. विणायची मी, कातडं जोडायचं मी, शिवायची मी. मग ती खांद्याला लावायला एक माणूस मिळणं यात काय अवघड? मी विणकामाच्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्गातले बाकीचे परीक्षेला टॉवेल, पलंगपोस, साडीचे काठ असलं काही मांडणार होते. मला हातमागाचं कापड आणि कातडं एकत्र आणून पिशवी करायची होती. सर म्हणाले, "कर. पण टेबलावर मांडून ठेवायची पिशवी मी बघणार नाही. एका माणसानं अख्खा पावसाळा ती रोज वापरलेली पाहिजे. टिकली तर पास, नाहीतर वर्ष गेलं." वर्ष गेलं असतं तर घरचे मला पुन्हा शिकायला पाठवणार नव्हते, देशावर आमच्या घरच्या मागावर नेऊन बसवणार होते. हे सरांना ठाऊक होतं आणि मलाही.

तेव्हा लढाई चालू होती. जपानी विमानं मुंबईवर बॉम्ब टाकणार अशी आवई उठली, तेव्हा आमच्या संस्थेनं निम्मे माग कर्जतला हलवले होते. भिसेगावच्या बाजूला एक बंद पडलेली भातगिरणी भाड्यानं मिळाली, तिच्यात माग उभे राहिले आणि आम्ही पोरं तिथंच राहू लागलो. पहिलं वर्ष मजेत गेलं. विमानं काही आली नाहीत. मुंबई सोडून पळालेले लोक हळूहळू परतले, आमचा वर्गही परतला; माग मात्र राहिले, कारण लढाईमुळे मालगाडीचा डबा मिळेना. मागांजवळ राहायला एक विद्यार्थी हवा होता. मी हात वर केला. कातडं त्याच भागात मिळणार होतं आणि शांतपणे काम होईल असं वाटलं. शांतता मिळाली. इतकी मिळाली की संध्याकाळी मी मागाच्या धोट्याशी बोलायला लागलो, आणि धोटा निदान ऐकून तरी घेतो, वर्गातली पोरं तेवढंही करत नसत, अशी स्वतःची समजूत घालू लागलो.

पहिल्यांदा मला कळलंच नाही की आपण एकटे पडलोय. जेवण बेचव लागलं तर तांदूळ जुना असेल, झोप येत नसली तर डास असतील, असं मी म्हणायचो. खरी गोष्ट एवढीच होती की दिवसच्या दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आदल्या हिवाळ्यात त्या डोंगरांत चले जावच्या भूमिगतांसाठी पोलिसांची बरीच शोधाशोध झाली होती, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या परक्या तरुणापासून लोक चार हात लांबच राहत. बाजारात मीठ मागितलं तर मीठ मिळे, त्यासोबत एक शब्द मिळत नसे. गिरणीच्या मालकानं राखणीला ठेवलेला एक म्हातारा होता, जवळच्याच वाडीतला शेतकरी. तो संध्याकाळी येई, ओट्यावर बसून चिलीम ओढी आणि निघून जाई. त्याचं आणि माझं बोलणं बहुतेक पावसापाण्यावर संपायचं.

कातडं मी खालापूरकडून आणलं. चांगलं कातडं सगळं पलटणीच्या बुटांना जायचं. कारागिराकडे उरायचं ते गावात मेलेल्या बैलाचं, म्हशीचं, हिरडा आणि ऐनाच्या सालीत मुरवलेलं. त्याला वास होता. बैलगाडीवाल्यानं मला त्या वासासकट गाडीत घ्यायला नकार दिला, म्हणून ती गुंडाळी डोक्यावर घेऊन मी चालत आलो. वाटेतली गुरं माझ्याकडे अशी बघत होती की त्यांची माफी मागावी असं मला वाटलं.

पिशवीचं कापड मी मागावरच नळीसारखं गोल विणलं, दुहेरी वीण घालून, म्हणजे कडेला शिवण नकोच. खाली कातड्याचं बूड, वर कातड्याचाच पट्टा. माझ्या मते तोपर्यंत जगात तसली पिशवी झाली नव्हती. ती खांद्याला लावून मी गिरणीत चार फेऱ्या मारल्या. बघायला चिमण्या होत्या.

मग माणूस शोधायला निघालो. पहिला मान म्हाताऱ्याचा. रोज शेतावर भाकरी न्यायला घे म्हणालो. त्यानं पिशवी हातात न घेताच लांबून नीट पाहिली.

"कातड्यात भाकर? नाय रं बाबा. म्हातारी घरात घ्यायची नाय मला."

मी त्याच्याशी वाद घातला. आमच्या देशावर कातड्याच्या मोटेनं पाणी काढतात, तेच पाणी सगळे पितात, सोवळ्यातले सुद्धा. तुझ्या पायात वहाणा आहेत त्या कशाच्या? तो म्हणाला, वहाणा पायात असतात आणि त्यापण उंबऱ्याबाहेर. आणि देशावरचं देशावर. मी पिशवी उचलून पुढं निघालो. पोस्टमनकडे त्याची सरकारी पिशवी होती. डोंगरातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या ठाकरांच्या बायका पिशवी बघून खूप हसल्या. डोक्यावर मोळी, हातात कोयता, मग हे लोढणं लावायचं कुठं, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी शाळेचे एक मास्तर भिडेखातर तयार झाले. पण त्यांच्या आईनं पिशवी घरात येऊ दिली नाही, ती पडवीतल्या खुंटीला टांगली गेली आणि आठवड्याच्या आत गल्लीतल्या कुत्र्यानं ती खाली ओढून पट्टा चघळून खाल्ला. मास्तरांना वाईट वाटलं. कुत्र्याला कातडं आवडलं ही त्या दिवसापर्यंतची माझी एकमेव दाद होती.

पिशवी अशी पडवीत पडून असतानाच नर्सबाईंनी ती पाहिली. मास्तरांची बायको बाळंत झाली तेव्हा त्या तिथं आल्या होत्या. त्या गावच्या दवाखान्यात होत्या, चाळिशीच्या, लवकर विधवा झालेल्या, साताऱ्याकडच्या. पळसदरीपासून पार खालापूरच्या वाटेपर्यंत कुठंही बाई अडली की यांना बोलावणं यायचं आणि त्या चालत जायच्या. दुसऱ्या दिवशी त्या तुटक्या पट्ट्यासकट पिशवी घेऊन गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मला वाटलं, वासाची तक्रार असेल.

तक्रार नव्हती. झोपड्यांतल्या ओल्या जमिनीवर त्यांचं कापडी बोचकं भिजायचं, आतल्या पट्ट्या आणि कापूस ओला व्हायचा. कातड्याचं बूड असलं तर आतलं कोरडं राहील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. राहील, मी म्हणालो. मग न राहवून म्हणालो, "पण कातडं आहे. लोक घरात घेतील का?"

त्या हसल्या. "बाळंतिणीच्या खोलीत सगळाच विटाळ असतो, विणकरबुवा. तिथनं बाहेर आल्यावर मी अंगावर पाणी घेईपर्यंत मला कुणी शिवत नाही. चहासुद्धा लांबून ठेवतात. माझंच असं, तिथं तुमच्या कातड्याचं काय घेऊन बसलात?"

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी हसलो, आणि हसून झाल्यावर मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. मी नवा पट्टा लावून दिला आणि सरांची अट सांगितली. पावसाळाभर रोज वापरीन, म्हणाल्या. मला माणूस मिळाला होता.

पाऊस सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्या परत आल्या. पिशवीचं तोंड वाकडं झालं होतं. चूक माझीच, आणि ती विणकराच्या पोराला शोभणारी नव्हती: ताण्याच्या सुताला भाताच्या पेजेची खळ दिली होती आणि कापड न धुताच शिवलं होतं. पावसात खळ गेली, कापड आटलं, कातडं उलट सैल पडलं, आणि खळ उरली होती तिथं बुरशी धरली. त्या म्हणाल्या, पिशवीला अर्धांगवायू झालाय. मी सगळं उसवून कापड धुतलं आणि पुन्हा जोडायला बसलो. तोवर बाहेर पावसाची सर वाढली म्हणून त्या पालथ्या खोक्यावर बसल्या. मी गुळाचा चहा केला आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि थोडा वेळ नुसता धरून बसल्या. मग बोलायला लागल्या. कुठल्या वाडीत कोण बाळंत झाली, कुठं ओढा भरला होता आणि कुणी पाठीवर घेऊन पलीकडे नेलं. मी ऐकत होतो आणि शिवत होतो. त्या गेल्यावर मला आठवलं की किती तरी दिवसांत मी माणसाच्या आवाजाच्या सोबतीनं काम केलं नव्हतं. त्या दिवशी भात बेचव लागला नाही.

दुसऱ्यांदा आल्या त्या रागानं. त्यांची कात्री पिशवीच्या तळाशी ओल्या कातड्याला लागून राहिली होती आणि जवळच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळे डाग पडले होते. हिरड्याचं कातडं आणि लोखंड एकत्र भिजलं की शाईच तयार होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरीही मला सुचलं नव्हतं. मी ओशाळून डाग बघत होतो, तोवर त्यांचा राग उतरला आणि त्यांना हसू फुटलं. झालं असं होतं, की तसली एक डाग पडलेली पट्टी चुकून एका तान्ह्या बाळाच्या पोटावर बांधली गेली. बाळाच्या आजीनं काळा डाग पाहिला, आणि बाईंनी दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम तीट लावून आणलेली पट्टी बांधली असं तिनं धरलं. तिला ते फार आवडलं. तिनं शेजारणीला सांगितलं. आता पुढच्या वाडीत बायका आधीच बजावायला लागल्या होत्या, आमच्या पोराला काळी पट्टी पाहिजे, त्यांच्या पोराला बांधली तशी.

"सरकारी दवाखान्यात मी काळ्या पट्ट्या कुठनं आणू?" त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. मीही हसलो. गिरणीच्या त्या पत्र्याखाली दोन माणसं हसतायत हे ऐकून म्हातारा ओट्यावरून डोकावून गेला. डाग पाडणारी पिशवी ठेवून उपयोग नव्हता. मी आतून घट्ट विणलेल्या कापडाचं अस्तर घातलं, कात्रीला वेगळा कप्पा केला आणि पट्ट्याची लोखंडी कडी काढून पितळेची लावली. हे सगळं त्यांच्यासमोर एका बैठकीत झालं असतं. मी त्यांना पुन्हा यायला सांगितलं, अस्तराचं सूत अजून रंगवायचंय म्हणून. त्या पुन्हा आल्या, आणि चहा झाला.

अशा त्या येऊ लागल्या. माझ्या मनात वेडंवाकडं काही नव्हतं. त्या माझ्या मावशीच्या वयाच्या होत्या. पण त्या काळी एकट्या राहणाऱ्या तरुणाच्या दारात विधवा बाईला, किंवा बाईच्या दारात तरुणाला, कारणाशिवाय उभं राहायची सोय नव्हती. आमच्याकडे कारण होतं. पिशवी बिघडली होती. पिशवी बिघडली की त्या यायच्या, आणि मी वाट बघायचो ती पिशवी टिकल्याची की बिघडल्याची, हे मला धड कळेनासं झालं होतं.

तिसऱ्यांदा बूडच सुटलं. भाताच्या बांधावरून येताना शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर उसवत गेली आणि आतलं सामान चिखलात पडलं. कात्री काही केल्या सापडली नाही. त्या गिरणीत येऊन खोक्यावर बसल्या आणि या वेळी हसल्या नाहीत. पुढच्या घरी बाळाची नाळ त्यांना त्या घरातल्या पात्यानं कापावी लागली होती, उकळून घेतलेल्या, पण पात्यानं. "याच्यापुढं बोचकंच बरं," त्या म्हणाल्या. मी आजवर कापडासारखी साधी शिवण घालत होतो. तिचा एक टाका तुटला की बाकीचे पाठोपाठ सुटत जातात. त्या गेल्यावर मी माझी चप्पल घेतली आणि ती उसवायला बसलो. उसवेना. एक टाका कापला तरी दुसरा जागेवर. शेवटी कळलं की तिथं दोन सुया चालवलेल्या आहेत, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रत्येक टाका आपापला बांधलेला. शेजारचा गेला तरी याला पत्ता नाही. पुढं काही दिवस मी अनवाणी हिंडलो, पण टाका हाताला बसला.

सूत मेणातून ओढून घ्यायचं असतं, म्हणजे पाणी लागून ते कुजत नाही. मेणाचा तुकडा हातात घेतल्यावर मी थोडा वेळ थांबलो. मेण जरा कमी लावलं तर शिवण महिनाभरात कुजली असती, आणि त्या आल्या असत्या. मग चिखलात पडलेली कात्री मनात आली, सरांची अटही आली. मी मेण भरपूर लावलं. पिशवी दवाखान्यात नेऊन दिली, व्हरांड्यात, चारचौघांसमोर. नवी कात्री त्यांना मिळाली होती. त्यांनी शिवण ओढून बघितली, मान हलवली, आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. पाऊस पडत होता, त्या वाड्या हिंडत होत्या, पिशवी टिकत होती. मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझं वर्ष त्या शिवणीवर लोंबकळत होतं. आनंद व्हायचा तो सकाळी, मागावर बसताना, थोडा वेळ. मग दिवस पुढं सरकायचा आणि गिरणीतला माझ्याच मागाचा आवाज मला नकोसा व्हायचा. मी चहाचे दोन पेले घासून ठेवायचो आणि एकातून प्यायचो. रस्त्यावर छत्री दिसली की उठून दारात जायचो. ती कुणाची तरी दुसऱ्याचीच असायची. एकदा म्हाताऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं, नर्सबाई कुठं दिसल्या का. त्याच्या वाडीत त्या आदल्याच दिवशी येऊन गेल्या होत्या.

"बाई बरी हाय. तुजी पिशवीपन बरी हाय," तो म्हणाला, आणि जरा थांबून त्यानं विचारलं, "का रं, मोडाय पायजे हुती का?"

त्यानं चिलीम पेटवली आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसला.

दसरा झाल्यावर त्या आल्या. हातात पिशवी होती, कपड्यानं पुसून स्वच्छ केलेली, रिकामी. त्यांची रोह्याला बदली झाली होती आणि त्यांचं सामान बाहेर गाडीत होतं. मी दुसरी पिशवी तयार ठेवलेली होती, त्यांच्यासाठीच, कारण परीक्षेला पहिली न्यायची तर त्यांना मोकळ्या हातानं पाठवणं मला शक्य नव्हतं. त्यांनी ती घेतली, उलटी केली, बुडाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हीपण तशीच शिवलीय का?"

"तशीच," मी म्हणालो. मला अभिमान वाटत होता.

"मग झालं," त्या म्हणाल्या.

चहा ठेवतो म्हणालो, तर गाडीवाला खोळंबलाय म्हणाल्या. खोक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला बरंच काही बोलायचं होतं, पण आम्ही जे काही बोललो होतो ते सगळं पिशवीच्या निमित्तानं, आणि पिशवीबद्दल आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पावसात काही त्रास दिला का तिनं, एवढं मी विचारलं. काहीच नाही, त्या म्हणाल्या. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो आणि मग आत येऊन उगाचच माग झाडत बसलो.

परीक्षा मुंबईला झाली. सरांच्या शेजारी कातडीकामातले एक जाणकार परीक्षक म्हणून बसले होते. त्यांनी कापड पाहिलं, अस्तर पाहिलं, बुरशी कुठं दिसते का ते हुंगून पाहिलं, आणि मग भिंग घेऊन बुडाच्या शिवणीवर आले. बराच वेळ तिथंच थांबले. त्यांनी सरांना बोट दाखवलं, मग मला बोलावलं.

दोन ठिकाणी टाके कापलेले होते. घासून तुटलेले नव्हते, कापलेले होते, नीट, मधोमध, आणि शेजारी कातड्यावर कात्रीच्या टोकाचा बारीक ओरखडा उठला होता. एक जागा जुनी होती, कापलेल्या सुतावर मळ बसलेला. दुसरी त्यानंतरची. दोन्हीकडे शेजारचे टाके जागच्या जागी होते आणि शिवण एका सुताएवढीही सरकली नव्हती. शिवण उसवली असती तर पिशवी घेऊन नर्सबाई गिरणीत येऊ शकल्या असत्या. उसवलेली पिशवी घेऊन कुणीही येतं. पण कापलेला टाका दाखवायला त्या कशा येणार होत्या? त्यांनी कापून वाट बघितली होती. शिवण उसवली नाही. मग कधीतरी पुन्हा कापून वाट बघितली होती.

परीक्षक खूश झाले होते. कात्री लागूनही शिवण गेली नाही, ते सरांना म्हणाले, याला म्हणतात टाका. सरांनी गुण मांडले आणि वर न बघताच मला विचारलं, "वापरणाऱ्या बाईंची काही तक्रार?"

मी म्हणालो, नाही.